डालेवाले ढोबळे

रिंग रोडवर कधी कधी पुढे एखादी पिकअप दिसते. मागचा डाला चाकांच्या पलीकडे दोन हात बाहेर लोंबत असतो. मागचे दिवे त्या डाल्याखाली कुठेतरी आत दडलेले असतात आणि नंबर प्लेट तारेने बांधलेली असते. अशी गाडी दिसली की मी स्कूटी हळू करते आणि अंतर राखून चालते. ही सवय मला ढोबळे काकांनी लावली. ते असते तर गाडीच्या खिडकीतून मान काढून ओरडलेच असते, "पाह्य पाह्य! गाडीले शेपूट फुटलं!"

मनोहर ढोबळे यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत आले आणि रायपूरचेच झाले. काकाही रेल्वेच्या वॅगन कारखान्यात लागले होते. पण साहेबाचं ऐकून घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. नोकरी बरीच शिल्लक असताना ती सोडली आणि सिलतऱ्याच्या रस्त्यावर पत्र्याचं शेड टाकलं. तिथे ते पिकअपचे डाले बनवायचे. मालवाहू गाडीचा मागचा हौदा, त्याला आमच्याकडे डाला म्हणतात. बऱ्याच गाड्या कंपनीतून नुसत्याच येतात. पुढे केबिन आणि मागे लोखंडी सांगाडा, म्हणजे चेसिस. तिच्यावर डाला बाहेर बसवून घ्यायचा, मग नोंदणी. मी एका गाड्यांच्या शोरूममध्ये ही नोंदणीची कागदपत्रं बघते, त्यामुळे काकांच्या शेडमध्ये माझं जाणं-येणं असायचं.

पहिल्या दिवशी मी गेले आणि हिंदीत म्हणाले, "ढोबळेजी कौन हैं?"

एक उंच, वाळका माणूस वळला. चहूकडे लोखंडाचा भुसा उडत होता आणि हा माणूस कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा. त्याने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं.

"मराठी आहे काय वं तू?"

"हो."

"कुठली?"

"इथलीच. ब्राह्मणपाऱ्यातली."

"मंग हिंदी काहून झाडून राहिली? बस तिकडे. चहा येऊन राहिला."

तेव्हापासून मी त्यांची 'पोट्टी' झाले. त्यांच्या घरी मराठी ऐकायला शोभाकाकू तेवढ्या होत्या. मुलगा निखिल शेडमध्येच काम बघायचा, त्याला सगळं कळायचं, पण उत्तर द्यायचा हिंदीत. त्यामुळे मी गेले की काका हातातलं काम टाकून गप्पांना बसायचे.

त्या गप्पांत मुख्य पदार्थ म्हणजे दुसऱ्याची टिंगल. ती ते फार सुंदर करायचे, हे मान्य करावंच लागेल. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटा कंगवा असायचा. गिऱ्हाईक काही वेडंवाकडं बोललं की काका उत्तर द्यायच्या आधी कंगवा काढायचे, विरळ केस मागे वळवायचे, कंगवा फुंकून पुन्हा खिशात ठेवायचे. तेवढ्यात शेडमधले वेल्डर, बाहेरचे ड्रायव्हर, चहावाला, सगळे हळूहळू जवळ सरकायचे. कंगवा निघाला म्हणजे आता कोणाची तरी निघणार.

एकदा एक जण नवी कोरी पिकअप घेऊन आला आणि म्हणाला, "डाला थोडा लंबा कर दो."

काकांनी कंगवा फिरवला. "कितना लंबा?"

"जितना हो सके."

"तो ऐसा करो," काका म्हणाले, "डाला यहीं रहने दो, गाडी घर ले जाओ. उतना लंबा कर देता हूँ."

तो माणूस स्वतःच हसत सुटला. अशी त्यांची जीभ. लोक दुसरीकडे सोडून त्यांच्याकडे काम आणायचे, त्यातले निम्मे तरी हे ऐकायला यायचे असं निखिल म्हणायचा.

लांब डाल्याचा मात्र त्यांना खरोखरच राग होता. मागच्या चाकाच्या पलीकडे डाला किती बाहेर जावा, याचं माप नियमात ठरलेलं आहे. त्याहून लांब करायचा म्हणजे गाडी नोंदवली तशी राहत नाही. आधी आरटीओची परवानगी नसेल तर तो गुन्हा होतो आणि अपघात झाला तर विमावालेही हात वर करतात. पण काकांना नियमापेक्षा वजनाची भीती होती. "पोट्टी, माल मांगं गेला की गाडी पुढून हलकी होते," ते सांगायचे. "पुढची चाकं जमिनीले नुसती टेकली राहते. स्टेअरिंग फिरव नाही तर नको फिरवू, गाडीले फरक पडत नाही."

हे गिऱ्हाइकाला पटवायला त्यांनी एक खेळ काढला होता. आडव्या ड्रमवर लांब फळी ठेवायची. फळीच्या पुढच्या टोकावर विटा रचायच्या, हे इंजिन. मग गिऱ्हाइकाला म्हणायचं, बसा फळीवर. ड्रमच्या जवळ बसला की काही होत नसे. "आता जरा मांगं सरका. अजून जरा." गिऱ्हाईक सरकत सरकत टोकाला गेलं की विटा उडायच्या आणि ते धप्पकन मातीत बसायचं. सगळं शेड हसायचं. पडणाराही हसायचा, कपडे झाडायचा आणि नियमात बसेल तेवढाच डाला करून घेऊन जायचा. मला वाटतं, त्या फळीने बरेच जीव वाचवले असतील.

पण त्याच फळीवर एक दिवस रामलाल साहू बसले.

रामलाल अभनपूरचे. त्यांचा मुर्ऱ्याचा धंदा होता. मुर्रा म्हणजे आपले मुरमुरे. भट्टीवर भाजायचा आणि पोती भरून रायपूरच्या बाजारात आणायचा. काकांनी नोकरी सोडून शेड टाकलं, तेव्हा कित्येक दिवस कोणी फिरकलं नव्हतं. रेल्वेचे डबे ठोकणारा माणूस, त्याला पिकअपचं काय कळणार? तेव्हा पहिली गाडी आणली ती रामलाल यांनी. तिथून दोघांची जी मैत्री जमली, तिला तोड नव्हती. दोघं एकमेकांना 'तैं' म्हणायचे, छत्तीसगढीत एकेरी. बाजारात माल टाकला की रामलाल गाडी सरळ शेडकडे वळवायचे, येताना मुर्ऱ्याची एक पिशवी आणायचे. मग कांदा, मिरची, शेंगदाणे कालवून दोघं एकाच परातीतून खायचे. त्या वेळी शेडमध्ये आग लागली तरी काका उठले नसते.

त्या दिवशी रामलाल म्हणाले, डाला वाढवून दे. पोती बसत नाहीत, दोन फेऱ्या माराव्या लागतात.

काका म्हणाले, नाही.

"अरे, मुर्रा के का वजन रे?" रामलाल म्हणाले. "हवा ए, हवा."

रामलालांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. पण काकांना पुढचं माहीत होतं. जाताना मुर्रा न्यायचा आणि परतताना रिकामी गाडी कशाला न्यायची म्हणून सिलतऱ्याहून घरबांधणीच्या सळ्या भरायच्या, असं रामलाल अधूनमधून करायचे. एवढी एक गोष्ट काकांनी शांतपणे सांगितली असती तर झालं असतं. पण शेडमध्ये त्या दिवशी गर्दी होती. सिलतऱ्याचे चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते, मी कागदं घेऊन आले होते. काकांनी कंगवा काढला.

"बैठ फळी मा," ते म्हणाले.

रामलाल हसून म्हणाले, "मैं तो कतको घाव देखे हँव तोर खेल ला." कितीदा पाहिलाय हा तुझा खेळ. पण मित्राचं मन मोडायला नको म्हणून बसले. अंगाने ते भरलेले. सरकले, सरकले आणि इतक्या जोरात आपटले की खांद्यावरचा गमछा एकीकडे आणि चप्पल दुसरीकडे. हशा उसळला. तिथेच थांबायला हवं होतं. काकांना मात्र तो हशा पुरला नाही. ते ड्रायव्हरांकडे वळून हिंदीत म्हणाले, "क्या करें, मुर्रा बेच-बेच के इसके दिमाग में भी मुर्रा ही भर गया है!"

पुन्हा हशा झाला. रामलाल उठले. त्यांनी गमछा झटकला, घडी करून खांद्यावर ठेवला, चप्पल शोधून घातली. आणलेली मुर्ऱ्याची पिशवी रोजच्या बाकावर ठेवली आणि गाडी घेऊन निघून गेले.

"काका, त्यांना लागलं," मी म्हटलं.

"कमरेले? काही नाही होत त्याले. मांस आहे."

"कमरेले नाही, काका."

"रामलालले?" ते हसले. "येते उद्या. न येऊन जाते कुठं?"

रामलाल आले नाहीत. आठवडे गेले. काकांनी एकदा फोन लावला तो उचलला गेला नाही, मग काकांचाही ताठा. "त्याले गरज असंन तर येईन," असं म्हणत त्यांनी तो विषय बंद केला. पुढे कोणीतरी सांगितलं, की रस्त्यावरच्या दुसऱ्या एका वेल्डरकडून रामलालांनी डाला वाढवून घेतला. वाढीव डाल्याला आधार हवा म्हणून त्या वेल्डरने चेसिसलाच लोखंडाचे तुकडे वेल्ड करून तिची लांबी वाढवली होती. परवानगी वगैरे कोणी विचारलीच नव्हती. हे ऐकल्यावर काकांचा हात क्षणभर खिशाकडे गेला. आम्हाला वाटलं कंगवा निघणार. पण ते नुसतेच उठून आत गेले.

अपघात झाला तो अभनपूरकडे जाताना, उड्डाणपुलाच्या चढावर. भर दुपार होती, रस्ता कोरडा होता. गाडीत सळ्या होत्या, डाल्याच्याही बाहेर आलेल्या. चढावर सगळं वजन मागे गेलं. पाहणारे सांगत होते, की पुढची चाकं उचललीच गेली होती. रामलालांनी वळवायचा प्रयत्न केला, पण गाडी सरळ कठड्यावर गेली. ते एकटेच होते. जीव वाचला, पण कंबरेचं हाड आणि उजवा पाय पार गेला.

पोलीस ठाण्याच्या आवारात ती गाडी आणून ठेवली होती. काकांनी मला फोन केला, कारण त्या गाडीची मूळ नोंदणी आमच्या शोरूमची आणि तिथे जाऊन बघायला त्यांना सोबत कोणीतरी हवं होतं. मी गेले. एरवी दुसऱ्याच्या कामात खोड काढल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागायचा नाही, ते काका त्या गाडीभोवती एकदा फिरले आणि मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले. चेसिस नेमकी वेल्डिंगच्या जागी फाटली होती. त्या फटीत त्यांनी बोटं घातली आणि तसेच बसून राहिले.

"त्याच्यावर इलाज होता," ते म्हणाले.

"कशावर?"

"डाल्यावर. मुर्रा हलका. लांबी कायले पाहिजे? उंची वाढवायची. बाजूनं जाळीचे उभे पल्ले लावायचे, केबिनच्या वरून छज्जा काढायचा. सगळं मापात बसत होतं. नाहीच पुरलं तर लांब चेसिसचं मॉडेल येते कंपनीचं, ही देऊन ते घ्यायचं. मले त्याच दिवशी सुचलं होतं." ते थांबले. "पण मले लोक हसवाचे होते."

काका इस्पितळात भेटायला गेले, तेव्हा रामलालांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढे महिन्यांनी, रामलाल घरी आल्यावर, काका अभनपूरला गेले. तेव्हाही मला बरोबर नेलं. अंगणात खाटेवर रामलाल टेकून बसले होते. शेजारची भट्टी थंड होती. त्यांच्या बायकोने, फुलबाईंनी, आम्हाला पाणी दिलं. काका खाटेच्या पायथ्याशी जमिनीवरच बसले. इस्त्रीचा शर्ट घालून शेणाने सारवलेल्या अंगणात बसलेले काका मी तेव्हाच पाहिले.

"मोर गलती हे," ते म्हणाले.

रामलाल अगदी शांत आवाजात म्हणाले, "नहीं. बात तोर सही रिहिस." म्हणजे, तुझं म्हणणं बरोबरच होतं. आणि मग, "फेर सब के आगू हाँसे काबर?"

पण सगळ्यांसमोर हसलास का?

काका जमिनीकडे बघत बसले. फुलबाईंनी चहा आणला. तो निवला. आम्ही उठलो.

परतताना रायपूर जवळ आल्यावर त्यांनी मला विचारलं, "पोट्टी, मी बोलतो तं माणसाले लागते का वं?"

"लागते, काका."

"तुले बी?"

"कधी कधी."

"मंग सांगत काहून नव्हतं कोणी?" एवढंच बोलले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती फळी करवतीने कापून टाकली. त्यानंतरचे काका वेगळे होते. लांब डाला मागायला येणाऱ्याला ते आधी बसवायचे, चहा द्यायचे, काय माल नेतोस, येताना काय आणतोस, कुठल्या रस्त्याने, सगळं विचारायचे. मग खडूने जमिनीवर गाडी काढून वजन कुठे पडेल ते दाखवायचे. कंगवा खिशातच राहू लागला. निखिल एकदा वैतागून म्हणाला, "पापा, पहले ग्राहक हँसते हुए जाते थे, अब सोते हुए जाते हैं." काका म्हणाले, "जाऊ दे. पोहोचते तं बरोबर ना घरी."

दुर्गाबाई नावाच्या एका बाईंची राजिमच्या रस्त्याला रोपवाटिका होती. त्यांना मोठी झाडं उभी न्यायला लांब डाला हवा होता. बाई तापट, घाईच्या. जुने काका असते तर शेडला महिनाभर पुरेल एवढा मसाला मिळाला असता. काकांनी त्यांना आधी चेसिसचं माप दाखवलं. नियमात अजून थोडी लांबी शिल्लक होती, तेवढीच मिळेल म्हणाले. कंपनीची संमती मागवली, नकाशा काढून घेतला, आरटीओत अर्ज केला आणि परवानगी हातात येईपर्यंत लोखंडाला करवत लावली नाही. बाई फोनवर ओरडायच्या. काका म्हणायचे, "हव बाई, खरं आहे तुमचं. थोडं थांबा."

मग डाला केला. चेसिसला ना भोक पाडलं ना वेल्डिंग केलं. मध्ये रबर घालून यू-बोल्टने आवळला. मागचे दिवे आणि नंबर प्लेट नव्या टोकाला आणली, चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. गाडी भरून वजनकाट्यावर नेली आणि पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती, हे वेगवेगळं तोलून घेतलं. निरीक्षकाच्या तपासणीला स्वतः गेले, नोंदणीत बदल चढेपर्यंत आणि विम्याला कळवेपर्यंत माझ्या मागे लागले. गाडी घेऊन जाताना दुर्गाबाई मला म्हणाल्या, "कितने सीधे आदमी हैं, एकदम गऊ." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. जुन्या काकांची ओळखच त्यांना नव्हती. खरं सांगायचं तर ते जुने काका मला आवडायचे. हे नवे काका जास्त चांगले होते, पण त्यांच्याजवळ बसलं की मन जड व्हायचं.

अभनपूरला ते अधूनमधून जात राहिले. रामलाल कधी बोलायचे, कधी नाही. शेडकडे मात्र ते परत आले नाहीत. भट्टी फुलबाईंनी पुन्हा चालू केली, माल आता भाड्याच्या गाडीने जायचा.

काका गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रामलालांच्या मुलीचं लग्न होतं. फुलबाईंनी आवर्जून फोन केला होता. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून काका मला म्हणाले, "चाल माह्यासंगं. एकट्याले जायले कसंतरी वाटते."

मांडवाच्या तोंडाशी रामलाल खुर्चीवर बसून पाहुण्यांचं स्वागत करत होते. कुबडी खुर्चीला टेकवलेली. नवं धोतर, डोक्याला पागोटं. ओळ हळूहळू पुढे सरकत होती. काका दोन्ही हात जोडून समोर उभे राहिले. रामलालांनीही हात जोडले. चेहऱ्यावर राग नव्हता. ते म्हणाले, "आ गेव? बने करेव. खाना खा के जाहू."

आलात? बरं केलंत. जेवून जा. आमच्या पुढच्या माणसाला ते हेच म्हणाले होते आणि मागच्यालाही हेच म्हणाले. इतकी वर्षं एकाच परातीत खाताना जो 'तैं' म्हणायचा, तो आता 'जाहू' म्हणाला, पाहुण्याला म्हणतात तसं, आदराने.

"हव," काका म्हणाले.

ते पंगतीत बसले, ओळखीचं कोणी नसलेल्या ओळीत. पानातला कण न कण संपवला. वाढणाऱ्याने विचारलं तेव्हा भात पुन्हा घेतला. मग हात धुऊन ते परत रामलालांच्या खुर्चीकडे गेले, जेवण छान झालं असं सांगायला असावं. रामलाल तेव्हा गावातल्या कोणा वडीलधाऱ्यांशी बोलत होते. काका जरा बाजूला, ओले हात तसेच पुढे धरून उभे राहिले. बोलणं संपेना. एक-दोनदा त्यांनी मान पुढे केली. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, सावकाश हात पुसले आणि मला खुणेनेच 'चाल' म्हणून ते मांडवाबाहेर गेले.